दोन खुंट्यांवरून जमिनीचा ढाळ

धुळे जिल्ह्यात पांझरा नदीवरील फड पद्धतीच्या बंधाऱ्यांचे पाणी केवळ ढाळाच्या बळावर पाटाने शिवारात पोहोचते. ढाळ कमी पडला तर पाटात गाळ साचतो. अधिक झाला तर वेगवान पाणी पाटाचा तळ खरवडते. शेताचेही तसेच आहे. बांध अंदाजाने घातला, तर जोराच्या पावसात पाणी सखल जागी लोटते, बांध फुटतो आणि सुपीक माती नाल्यावाटे तापीस मिळते. जळगावकडील कपाशीच्या काळ्या रानात तर उतार डोळ्यांस सहसा दिसत नाही. म्हणून तो मोजूनच घ्यावा.

याकरिता पारदर्शक नळी, सेंटिमीटरच्या खुणा केलेल्या दोन सारख्या काठ्या व मोजपट्टी एवढे साहित्य पुरते. पाणी ज्या दिशेने सर्वांत वेगाने ओसरते, त्या दिशेने १० मीटर अंतरावर दोन खुंट्या ठोकाव्यात. प्रत्येक खुंटीपाशी जमिनीवर एक काठी उभी धरावी. नळीत पाणी भरून तिची टोके काठ्यांस लावावीत. नळीत हवेचा बुडबुडा राहू देऊ नये. पाणी स्थिर झाल्यावर जमिनीपासून पाण्यापर्यंतची उंची दोन्हीकडे वाचावी. जेथे आकडा मोठा, ती जागा सखल.

समजा, एका काठीवर ११२ व दुसरीवर १२७ सेंटिमीटर आले. फरक १५ सेंटिमीटर. अंतर १० मीटर, म्हणजे १,००० सेंटिमीटर. १५ ला १,००० ने भागून १०० ने गुणिले असता ढाळ दीड टक्का येतो. अर्थात १०० मीटरांत दीड मीटर उतार.

खुंट्या फार जवळ ठोकू नयेत. वाचनात १ सेंटिमीटरची चूक झाल्यास २ मीटर अंतरावर ढाळ अर्ध्या टक्क्याने चुकतो, १० मीटरवर केवळ दशांश टक्क्याने. अंतर मोजपट्टी आडवी व ताणून धरून मोजावे. मध्येच उतार बदलत असेल तर प्रत्येक टप्पा निराळा मोजावा.

ज्या दोन जागी आकडे सारखे येतात, त्या समपातळीत असतात. अशा खुंट्या पुढे पुढे जोडीत गेल्यास समपातळी बांधाची रेषा मिळते. गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी हे काम पावसाळ्यापूर्वी शेतकऱ्यांच्या हातून प्रत्यक्ष करवून घ्यावे. नांगरट व पेरणी त्या रेषेस धरून केल्यास शेताची माती शेतातच राहील.