अज्ञान मुलाशीं केलेला व्यवहार कितपत टिकतो?

सात-बाराच्या उताऱ्यावर एखाद्या नांवाजवळ "अ. पा. क." हीं तीन अक्षरें आमच्या पुष्कळ वाचकांनीं पाहिलीं असतील. अज्ञान पालन कर्ता असा त्यांचा अर्थ आहे. जमिनीचा खरा मालक अद्याप वयांत आलेला नसून त्याच्या वतीनें आई, बाप किंवा दुसरा कोणी आप्त कारभार पाहतो, असें तीं अक्षरें सांगतात. जमीन विकत घेणारा शेतकरी उताऱ्यावरील बोजा बारकाईनें पाहतो, विहिरींतील हिस्सा पाहतो, वाट कोठून आहे तें पाहतो. परंतु ह्या तीन अक्षरांपाशीं तो क्वचितच थांबतो. पुढें कित्येक वर्षांनीं तो मुलगा सज्ञान होऊन न्यायालयांत उभा राहिला म्हणजे मग त्यांचा अर्थ उमगतो. तो अर्थ आधींच कळावा, म्हणून हें विवेचन केलें आहे.

प्रथम अज्ञान कोणास म्हणावें हें पाहूं. १८७५ च्या सज्ञानतेच्या कायद्याप्रमाणें वयाचीं १८ वर्षें पुरीं होईपर्यंत मनुष्य अज्ञान समजला जातो. ज्या मुलावर न्यायालयानें पालक नेमला असेल, त्याच्या बाबतींत पूर्वीं ही मर्यादा २१ वर्षांची होती. १९९९ च्या दुरुस्तीनें तो भेद नाहींसा झाला. मुलगा नांगर धरूं लागला, बाजारहाट करूं लागला किंवा चावडीवर मोठ्या माणसांसारखा बोलूं लागला, म्हणून कायद्याच्या दृष्टीनें तो सज्ञान होत नाहीं. १८७२ च्या कराराच्या कायद्याचें ११ वें कलम सांगतें कीं, करार करण्यास मनुष्य सज्ञान असला पाहिजे. मात्र अज्ञानानें केलेला करार मुळींच झाला नाहीं असें समजावयाचें, कीं तो रद्द करणें मुलाच्या मर्जीवर ठेवावयाचें, हें त्या कलमांत उघड लिहिलेलें नव्हतें.

हा प्रश्न कलकत्त्याच्या एका दाव्यांत निकालास लागला. धर्मदास घोष नांवाच्या अज्ञान तरुणानें १८९५ सालीं ब्रह्मो दत्त ह्या सावकारास आपली घरें २०,००० रुपयांच्या कर्जासाठीं शेंकडा १२ व्याजानें गहाण लिहून दिलीं. मुलगा वयांत आलेला नाहीं, अशी सूचना त्याच्या आईच्या वतीनें सावकाराच्या मुखत्यारास खत होण्यापूर्वींच मिळाली होती. तरीही खत झालें. पुढें आईनें मुलाच्या वतीनें गहाण रद्द करण्याचा दावा लावला. तो दावा लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलपर्यंत, म्हणजे त्या काळच्या आपल्या अखेरच्या न्यायपीठापर्यंत गेला. सावकार दरम्यान मरण पावल्यामुळें तेथें त्याच्या बाजूस मोहोरी बिबीचें नांव होतें. १९०३ सालीं निकाल झाला कीं, अज्ञानाचा करार मुळांतच शून्य आहे. गहाण तर गेलेंच. पण दिलेली रक्कमही सावकाराच्या बाजूस परत मिळाली नाहीं.

मूळच शून्य म्हटल्यावर त्यास पुढें जीव आणतां येत नाहीं. मुलगा १८ वर्षांचा झाल्यावर "मागचें कर्ज मला मान्य आहे" असें म्हणाला, किंवा त्याच जुन्या रकमेची नवी चिठ्ठी लिहून दिली, तरी तेवढ्यानें तें कर्ज वसूल करण्याजोगें होत नाहीं. त्यानें वय खोटें सांगितलें असलें, तरीही अज्ञानत्वाचा बचाव त्याला मोकळाच राहतो.

कोणी म्हणेल कीं, हा तर लबाडीस परवानाच झाला. तसें नाहीं. १९६३ च्या विनिर्दिष्ट अनुतोष अधिनियमाच्या ३३ व्या कलमान्वयें, अशा व्यवहारांतून मुलाला किंवा त्याच्या मिळकतीला जेवढा लाभ झाला असेल, तेवढा परत करावयास न्यायालय लावूं शकतें. परंतु हें न्यायालयाच्या विवेकावर अवलंबून आहे. सावकाराचा तो हक्क नव्हे. वय विचारण्याचें काम घेणाऱ्याचें आहे, व तें न केल्याचा तोटाही त्याचाच.

ह्यावरून अज्ञानाशीं कोणताच व्यवहार होऊं शकत नाहीं असें मात्र समजूं नये. त्याच्याकडे जें येतें तें टिकतें. अज्ञान मुलाच्या नांवें खरेदीखत होऊं शकतें. त्याला बक्षीसपत्रानें जमीन देतां येते. तसेंच त्याच्या निर्वाहास व शिक्षणास लागणाऱ्या आवश्यक वस्तु कोणी पुरविल्या, तर कराराच्या कायद्याच्या ६८ व्या कलमाप्रमाणें त्यांची वाजवी किंमत त्याच्या मिळकतींतून मागतां येते. मात्र मुलाच्या अंगावर ती जबाबदारी येत नाहीं. म्हणून बी-बियाणें किंवा बैल उधार द्यावयाचे असतील, तर ते घरांतील सज्ञान माणसाच्या नांवावर व त्याच्या सहीनेंच द्यावे.

आतां शेतकऱ्याच्या दृष्टीनें सर्वांत महत्त्वाचा भाग, म्हणजे पालकानें केलेली विक्री. मुलाची सही चालत नाहीं हें बहुतेकांस ठाऊक असतें. पण "आईनें सही केली आहे, मग काय भीति?" असें म्हणून खत करून घेणारे पुष्कळ आहेत, आणि फसतात ते येथेंच. पूर्वीं ह्या समजुतीस कांहीं आधार होता. कुटुंबाची खरी गरज असल्यास पालकानें केलेलें गहाण मुलावर बंधनकारक होतें, असें तत्त्व प्रिव्ही कौन्सिलनें १८५६ सालीं हनुमानप्रसाद पांडे ह्यांच्या दाव्यांत घालून दिलें होतें. आणि मयत बापाचें कर्ज फेडण्यासाठीं आईनें केलेला जमीनविक्रीचा करार १९४८ सालीं त्याच न्यायपीठानें मुलावर बंधनकारक मानला होता.

१९५६ च्या हिंदु अज्ञानत्व व पालकत्व कायद्यानें ही स्थिति पालटली. त्याच्या ८ व्या कलमान्वयें आई किंवा बाप ह्या नैसर्गिक पालकांस मुलाची स्थावर मिळकत न्यायालयाच्या आगाऊ परवानगीवांचून विकतां, गहाण टाकतां, बक्षीस देतां किंवा अदलाबदल करतां येत नाहीं. पांच वर्षांहून अधिक मुदतीनें, अथवा मूल सज्ञान झाल्यानंतर एक वर्षापलीकडे जाईल अशा मुदतीनें ती पट्ट्यानेंही देतां येत नाहीं. परवानगी मिळते ती केवळ गरजेसाठीं किंवा मुलाच्या उघड हितासाठीं. चुलता, मामा वगैरे आप्त केवळ कारभार पाहतात म्हणून पालक ठरत नाहींत. त्यांस तर मुलाची मिळकत विकण्याचा अधिकारच नाहीं. हा कायदा हिंदूंप्रमाणें बौद्ध, जैन व शीख ह्यांसही लागू आहे. मुसलमान व इतर समाजांचे नियम निराळे असल्यामुळें त्यांनीं स्वतंत्र सल्ला घ्यावा.

परवानगीशिवाय झालेलें खत मुलाच्या इच्छेनें रद्द होण्याजोगें असतें. त्यानें वेळेंत हालचाल केली नाहीं, तर तें टिकतें. सज्ञान झाल्यापासून तीन वर्षांच्या आंत, म्हणजे साधारणतः २१ वें वर्ष पुरें होण्यापूर्वीं, त्यानें तें रद्द करण्याचा दावा लावावा, अशी मुदतीच्या कायद्याची मर्यादा आहे.

येथें एक भेद ध्यानांत ठेवला पाहिजे. एकत्र कुटुंबाच्या अविभक्त जमिनींत मुलाचा नुसता हिस्सा असेल आणि कुटुंबाच्या गरजेसाठीं कर्त्यानें ती जमीन विकली, तर त्या विक्रीस ८ व्या कलमाची परवानगी लागत नाहीं, असें सर्वोच्च न्यायालयानें १९९६ सालीं ठरविलें आहे. परंतु गरज खरोखर होती कीं नाहीं, हा प्रश्न तेथेंही उभा राहूं शकतो. म्हणून खतांत नुसते "घरखर्चासाठीं" असे शब्द न घालतां, पैसा कोणत्या कर्जाकडे वा कोणत्या कामाकडे गेला हें लिहवून घ्यावें व पावत्या जपून ठेवाव्या.

समजा, एका विधवा बाईस मुलाच्या वांट्याची दोन एकर जमीन विकणें भाग आहे, आणि शेजारचा शेतकरी रास्त भावानें ती घेण्यास तयार आहे. दोघांच्याही मनांत कपट नाहीं. परवानगीस वेळ लागेल म्हणून दोघे तसेंच खत करतात. शेजारी तेथें विहीर खणतो, ताली घालतो, जमीन पाण्याखालीं आणतो. मुलगा एकोणीस वर्षांचा होतो व दावा लावतो. आतां शेजाऱ्याची मेहनत टांगणीस लागली, आईस आपल्याच मुलाच्या विरुद्ध साक्ष देण्याची पाळी आली, आणि दोन घरांचें वैर कायमचें झालें. जिल्हा न्यायालयांत आधींच एक अर्ज केला असता, तर हें सर्व टळलें असतें. विकल्याशिवाय भागत असेल, तर कूळकायद्याची माहिती जाणकाराकडून घेऊन मर्यादित मुदतीनें जमीन कसावयास देणें, हा मार्गही विचारांत घेण्यासारखा आहे.

सारांश, जमीन घेणाऱ्यानें चालू उताऱ्याबरोबर जुने फेरफारही पाहावे, आणि "अ. पा. क." दिसल्यास न्यायालयाच्या हुकुमाची नक्कल हातीं आल्यावांचून विसारसुद्धां देऊं नये. शेरा नसला तरी तरुण विक्रेत्याच्या जन्माचा दाखला मागण्यांत संकोच धरूं नये. पालकांनीं ती जमीन आपली नसून आपल्याकडे ठेव म्हणून आहे, हें विसरूं नये. आणि ज्या मुलास अठरावें वर्ष पुरें झालें, त्यानें वयाचा दाखला घेऊन ग्राम महसूल अधिकाऱ्याकडे, म्हणजे पूर्वीच्या तलाठ्याकडे, जावें, पालकाचा शेरा कमी करून घ्यावा, आणि आपल्या अज्ञानपणीं कोणकोणते कागद झाले हें त्याच दिवशीं पाहून घ्यावें. तीन वर्षें म्हणजे शेतकऱ्याचे तीनच हंगाम. ते जातांना कळतही नाहींत.