तीन ओळींमागचा कारभार

ॲमेझॉनच्या क्लाउडवर फाइल चढवायची, तर पायथॉनमध्ये तीन ओळी पुरतात. बोटो३ ही लायब्ररी मागवायची, एस३ या साठवण-सेवेचा क्लायंट तयार करायचा आणि फाइल कुठे ठेवायची ते सांगायचं. झालं! आत मात्र बरीच धावपळ चालते. प्रत्येक रिक्वेस्टवर गुप्त किल्लीच्या आधारे डिजिटल सही होते, वेळेची नोंद लागते. सर्व्हर गर्दीत असला, तर थोडं थांबून पुन्हा प्रयत्न केला जातो. साठवलेल्या फाइलींची यादी मागितली, तर एस३ एका खेपेला जास्तीत जास्त १००० नावं देतं. पुढची पुन्हा मागावी लागतात.

दोन प्रोग्रॅमनी इंटरनेटवरून एकमेकांना कामं सांगण्याची ठरलेली रीत म्हणजे वेब एपीआय; एस३शी बोलणंही त्यातूनच होतं. काम कोणतंही असो, भोवतीचा हा सही-पुनर्प्रयत्नांचा सरंजाम तोच. भाडेकरारात नाव, पत्ता, रक्कम तेवढी बदलते, तसंच. प्रोग्रॅमर याला बॉयलरप्लेट म्हणतात.

मिच गारनाट यांनी लिहिलेल्या मूळ ‘बोटो’त (हे नाव ॲमेझॉन नदीतल्या डॉल्फिनचं!) प्रत्येक सेवेसाठी हातानं कोड लिहिलेला होता. सेवा मूठभर होत्या तोवर हे चाललं. पण त्या वाढत गेल्या; आज दोनशेच्या वर आहेत. म्हणून पुढे ‘बोटोकोर’ आलं. त्यात प्रत्येक सेवेचं वर्णन जेसॉन या ठरावीक स्वरूपाच्या फाइलमध्ये असतं: कोणती कामं, कोणती माहिती लागते, उत्तर कसं येतं. प्रोग्रॅम चालू असतानाच त्या वर्णनावरून फंक्शन्स तयार होतात. सही आणि पुनर्प्रयत्न यांचा कोड एकाच गाभ्यात राहतो. बोटो३ आणि ॲमेझॉनचं कमांड लाइन टूल दोन्ही याच गाभ्यावर उभी राहिली.

याची किंमतही आहे. फंक्शन कोणत्याही फाइलमध्ये लिहिलेलंच नसल्यामुळे कोड एडिटरला ते दिसत नाही आणि टायपिंग करताना सूचना मिळत नाहीत. त्यासाठी वेगळी पॅकेजेस बसवावी लागतात.

दुसरा मार्ग स्वॅगर या एपीआय-वर्णनाच्या पद्धतीचा. २०१५ मध्ये त्याची जबाबदारी लिनक्स फाउंडेशनच्या छत्राखाली गेली आणि ‘ओपनएपीआय’ हे नाव रूढ झालं. इथेही वर्णनच असतं, पण त्यावरून जावा, पायथॉन, गो अशा भाषांतल्या क्लायंटच्या खऱ्या फाइली आधीच तयार केल्या जातात. हा कोड डोळ्यांना दिसतो, वाचता येतो; अनेकदा मात्र तो भलताच पाल्हाळिक असतो. शिवाय घाईत कुणी त्यात हातानं दुरुस्ती केली, की पुढच्या वेळी या फाइली बनवणारा जनरेटर चालवताच ती पुसली जाते. चूक जनरेटरच्या साच्यातच सुधारायला हवी.

मग सगळंच तयार घ्यावं का? मार्च २०१६ मध्ये ‘लेफ्टपॅड’ हे जावास्क्रिप्टचं पॅकेज एका नावावरून झालेल्या वादात लेखकानं एनपीएम या पॅकेज-भांडारातून काढून घेतलं आणि जगभरातल्या प्रकल्पांचे बिल्ड अडले. पॅकेज होतं अवघ्या ११ ओळींचं. काम एवढंच, की मजकुराच्या डावीकडे मोकळी जागा भरायची. सही आणि पुनर्प्रयत्नांसाठी जाणत्यांची लायब्ररी घेणं शहाणपणाचं, कारण तिथली चूक महागात पडते. मोकळ्या जागेसाठी परक्यावर विसंबणं हा निव्वळ आळस. २०१७ च्या जावास्क्रिप्ट मानकात ‘पॅडस्टार्ट’ आलं, तेव्हापासून त्या ११ ओळींची गरजच उरलेली नाही.