पणजोबांचा तिसरा मुलगा

सातारा, रविवार सकाळ. शाळेच्या खोलीत लहान मुलांच्या बाकांवर मोठी माणसं गुडघे आवळून बसली आहेत. सरांनी फळ्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत एक आडवी रेघ ओढली आहे आणि आता ते तिला अक्षरं लटकवत चालले आहेत. मोडी अशीच लिहायची. आधी रेघ, मग हात शक्य तितका न उचलता अक्षरामागून अक्षर. दोन शब्दांत जागा नाही, विराम नाही, ऱ्हस्व-दीर्घाचा भेद नाही. शब्द कुठं संपला हे वाचणाऱ्यानंच ओळखायचं.

"वाचा."

पुढच्या बाकावरची मुलगी अडखळत सुरू करते. 'मौजे'पर्यंत नीट येते, गावाच्या नावाशी थांबते, 'बिन' लागल्यावर पुन्हा चालू लागते.

"बिन म्हणजे अमक्याचा मुलगा," सर म्हणतात. "कोम म्हणजे अमक्याची बायको. आडनाव शोधत बसू नका, बऱ्याच कागदांत ते नसतंच. बिन धरून वर चढायचं."

खोलीत वीस-पंचवीस जण असतील. इतिहासाची आवड असलेल्या मंडळींनी चालवलेला हा वर्ग आहे. फी नाही, चहा आहे. काही वर्षांपूर्वी इथं चार टाळकी जमायची, असं एक जुने विद्यार्थी सांगतात. 2023 मध्ये कुणबी नोंदी शोधायला न्यायमूर्ती संदीप शिंदे समिती नेमली गेली आणि तहसीलच्या कपाटांतून मोडीचे गठ्ठे बाहेर आले. ते वाचणारी माणसं मात्र मोजकी. तेव्हापासून बाक भरतात. माणहून आलेल्या तरुणाला जात पडताळणीसाठी 13 ऑक्टोबर 1967 पूर्वीचा कागद हवाय. पुढच्या बाकावरची मुलगी पुण्यात संगणकाच्या कंपनीत आहे, तिला नुसतंच जाणून घ्यायचंय. मागच्या बाकावर एसटीतून निवृत्त झालेले आबा आहेत. वाळवा तालुक्यातून पहाटेच्या गाडीनं येतात, मांडीवर प्लास्टिकची पिशवी.

"सर, सातारा गॅझेटिअरमध्ये माझ्या पणजोबांचं नाव असंल का?" माणचा तरुण विचारतो.

"1885 चं गॅझेटिअर म्हणताय ना? त्यात कुठल्या जातीची किती डोकी ते आहे, डोक्यांची नावं नाहीत. इंग्रजाला राज्य चालवायला आकडा लागायचा. नाव लागायचं तलाठ्याला, कारण सारा आकड्याकडनं नाही, माणसाकडनं वसूल होतो."

मग सर फळा पुसून चार रकाने आखतात. नाव. कुठं सापडलं. कुणी लिहिलं. कशासाठी लिहिलं.

"शेवटचा रकाना मोकळा ठेवून कुणी वंशावळ आणली तर मी बघणार नाही. आपल्या घराण्याचा इतिहास व्हावा म्हणून कुणीही कागद लिहिलेला नसतो. तलाठी साऱ्यासाठी लिहितो, कोतवाल वरून हुकूम आहे म्हणून लिहितो, शाळामास्तर हजेरीसाठी लिहितो. ज्याचं ज्यात काम, तेवढंच त्याला दिसतं."

तारखांचा कागद फिरतो. उतरत्या पेशवाईतल्या एका पत्राच्या नकलेवर 'समान तिसैन मया व अलफ' असं लिहिलंय. सर बोटं मोडत उलगडतात. समान म्हणजे आठ, तिसैन नव्वद, मया शंभर, अलफ हजार. झाले 1198. त्यात 599 मिळवायचे, की इसवी सन 1797. हे वर्ष मृगाला सुरू होतं, त्यामुळे जानेवारी किंवा त्यानंतरचा महिना असेल तर 600. शकात 78 किंवा 79, फसलीत 590 किंवा 591. पुण्याची मुलगी मोबाइलवर बेरीज करते. आबा तोंडी करतात आणि तिच्या आधी सांगतात.

आबांची पिशवी उघडते. आत कोतवाल बुकातल्या एका पानाची नक्कल, फेरफाराचा एक उतारा आणि इस्त्री फिरवून सरळ केलेले घरचे काही कागद. 2019 च्या पुरात कृष्णा माजघरात शिरली तेव्हा हे ट्रंकेत होते. शाई पसरलीय, पण ओळी जागेवर आहेत.

"कोतवाल बुक, म्हणजे गाव नमुना नंबर 14. जन्म-मृत्यूची नोंद," सर पान सगळ्यांना दिसेल असं धरतात. "साल 1918, महिना ऑक्टोबर. मरणाचं कारण वाचा."

मुलगी वाचते. ताप. खालची ओळ, ताप. त्याखालची, ताप. पानाच्या तळाशी येईपर्यंत तिचा आवाज उतरतो.

"मानमोडीची साथ," मागून कुणीतरी म्हणतं. जगानं जिला स्पॅनिश फ्लू म्हटलं, ती आपल्याकडे याच नावानं ओळखली गेली. कोतवालाच्या लेखी तो नुसता ताप. त्याच ओळींत आबांचे पणजोबा आहेत. घरच्यांनी सांगितल्यामुळे इथं कुणाचंच नाव लिहीत नाही.

"सांगलीचा माणूस साताऱ्याला का येतो, हे आता नव्या मंडळींना सांगा," सर आबांना म्हणतात.

आबांना हे पाठ आहे. 1918 साली सांगली जिल्हाच नव्हता. वाळवा, तासगाव, खानापूर हे तालुके सातारा जिल्ह्यात. सांगली, मिरज, जत ही संस्थानं. मधूनमधून औंध संस्थानाची गावं विखुरलेली. 1949 साली संस्थानं आणि हे तालुके मिळून दक्षिण सातारा झाला, 1960 साली त्याचं नाव सांगली पडलं. "म्हणून आधी विचारायचं, त्या साली गाव कुणाचं होतं. एका ओढ्याच्या अलीकडचं गाव इंग्रजाचं, पलीकडचं संस्थानाचं. दप्तरं निराळी."

फेरफाराचा उतारा 1919 चा आहे. तो सर स्वतः वाचतात, आम्ही मागून अक्षरं जुळवत जातो. खातेदार मयत. वारस मुलगे दोन, दोघेही अज्ञान. अ.पा.क. आई. आणि पुढं 'कोम' लावून तिचं नाव.

"अज्ञान पालनकर्ती," सर म्हणतात. "मुलं लहान, म्हणून जमीन सांभाळायला हिचं नाव लागलं. नवरा जिवंत असता तर ही बाई या कागदावर आलीच नसती."

आबा नाव पुन्हा वाचायला सांगतात. "आमच्यात तिला थोरली आई म्हणायचे. नाव कुणालाच ठावं नव्हतं." ते वहीच्या पहिल्या रकान्यात नाव लिहितात आणि चौथ्यात लिहितात, जमीन अज्ञानांची म्हणून.

सर एक इशाराही देऊन ठेवतात. पुढच्या काळातल्या सातबारावर आबांच्या आजोबांचं एकट्याचंच नाव आहे, पुढं 'ए.कु.मॅ.'. एकत्र कुटुंबाचा मॅनेजर. तेवढंच पाहणाऱ्याला वाटेल, हा एकुलता एक. धाकटा भाऊ त्या तीन अक्षरांत दडलेला आहे.

चहा येतो, आणि आबांचा फोन वाजतो. पुतण्याचा आहे. "हेळवी आलाय. उद्या पुढच्या गावाला जाणार म्हनतोय."

वर्ग तिथंच मोडतो. एक मोटार मिळते. सर, आबा, पुण्याची मुलगी आणि मी. महामार्गानं उंब्रज, कऱ्हाड, पेठनाका. उसाच्या ट्रॉल्यांमागून ढकलत निघालेल्या गाडीत सर हेळव्यांबद्दल सांगतात. कर्नाटकाच्या सीमेकडून सुगीनंतर येणारी ही माणसं. सांगली, कोल्हापूर, सातारा या भागातली घराणी त्यांच्यात वाटलेली असतात. बापाची गावं मुलाकडे जातात. यायचं, घराण्याची वंशावळ म्हणून दाखवायची, मागच्या खेपेनंतर जन्मलेल्यांची नावं चढवायची, धान्य, कपडा, रोख बिदागी घ्यायची आणि पुढच्या घरी जायचं. पूर्वी बैलावर बसून घंटा वाजवत यायचे.

आता बैल नाही, अंगणात मोटारसायकल उभी आहे. घंटा मात्र हँडलला बांधलेली आहे. सोप्यात घोंगडं अंथरलंय आणि त्यावर पिकल्या मिशांचा हेळवी लाल फडक्यातली वही सोडतोय. जुनी पानं मोडीत, मधे कानडीत खुणा, अलीकडची बाळबोधीत. भावकीतली पंधरा-वीस माणसं गोळा झालीत. आबांची थोरली बहीण, आक्का, चौकटीला टेकून बसलीय.

हेळवी वहीकडे फारसं पाहत नाही. डोळे अर्धे मिटतो आणि सुरू करतो. एका दमात मूळ पुरुष, त्याचं गाव, देवक, कुळस्वामी, मग फांद्या. आवाज चढतो, पिढी संपली की खाली येतो. घराणं मूळचं माणदेशातलं, दुर्गादेवीच्या दुष्काळात नदीकाठाला आलं. म्हसवडचा सिद्धनाथ पाठीशी. "बरोबर, आम्ही म्हसवडलाच जातो," भावकीतून कुणीतरी म्हणतं.

सर हळूच माझ्याकडे झुकतात. "कुळस्वामी लिहून घ्या, तो खरा धागा आहे. पण दुर्गादेवीचा दुष्काळ म्हणजे 1396 पासूनची गोष्ट. दुष्काळ म्हटलं की बरेच जण तोच सांगतात. 1876 च्या दुष्काळातही माणदेश उठला होता, त्याचं काय? मूळ पुरुषावर तर बोलूच नका. बिदागी देणाऱ्याला कुणी हलकं मूळ सांगत नाही. हेळव्याची वही खाली येईल तशी खरी होत जाते, वर जाईल तशी गोड."

हेळवी आता खाली, आबांच्या पणजोबांपाशी आला आहे. "त्येला तीन ल्योक."

आबा ताठ बसतात. "दोन."

"तीन, धनी." हेळवी पहिल्यांदाच वही पुढं ओढतो, बोट ठेवतो. थोरला, मधला, धाकटा. धाकट्याच्या नावापुढं एक आडवी खूण आणि कुंडलकडच्या एका गावाचं नाव. "धाकटा दत्तक ग्येला. फुडं आमच्याकडं न्हाई."

"पुढं का नाही?" पुण्याची मुलगी विचारते.

"त्यो त्या घरचा झाला. ते घर दुसऱ्या हेळव्याचं. लेकीबी तशाच ताई, लगीन झालं की दुसऱ्याच्या वहीत."

आबा पिशवीतून फेरफार काढतात आणि घोंगड्यावर वहीशेजारी ठेवतात. तिथं वारस दोन, इथं मुलगे तीन. भावकीत लगेच दोन तट पडतात. एकाचं म्हणणं, सरकारी शिक्क्याचा कागद खोटा कसा असेल? दुसऱ्याचं म्हणणं, हेळव्याच्या चार पिढ्या हेच सांगत आल्यात.

सर दोन्हीकडे बघतात. "भांडू नका, दोन्ही खरे असू शकतात. 1919 च्या आधी मुलगा दत्तक गेला असेल तर या जमिनीवर त्याचा हक्क उरला नाही. तलाठ्याला वारस लिहायचे होते, मुलं मोजायची नव्हती. यांना घराणं म्हणून दाखवायचंय, म्हणून गेलेलाही ध्यानात ठेवावा लागतो. उलट बघा, पणजीचं नाव यांच्या वहीत आहे का?"

हेळवी मान हलवतो. नाही. ते तलाठ्याकडेच आहे.

"कुंडलकडं म्हनला का त्यो?" इतका वेळ गप्प असलेली आक्का विचारते. गावाचं नाव पुन्हा सांगितल्यावर ती पुढं सरकते. "त्या गावातलं एक घर आपल्याला चालत न्हाय. माझं तिथं ठरत आलं हुतं. आज्यानं मोडलं. का मोडलं, कुनी सांगितलं न्हाय. आपली सोयरीक त्या घरात हुत न्हाय, एवढंच म्हनला. पुढं मी बी माझ्या लेकीला तेच सांगितलं."

सोप्यात एकदम शांतता होते, मग सगळे एकदम बोलायला लागतात. घराचं आडनाव आक्काला माहीत आहे. ते आबांच्या आडनावाशी जुळत नाही. पण दत्तक गेलेल्याचं जुळणार कसं? त्याच्या 'बिन'पुढं नवा बाप आला, पुढच्या पिढ्या त्या बापाच्या झाल्या. कागदावर भावकी तुटली, आणि लग्नाच्या बैठकीत कारण विसरून नुसती बंदी उरली.

आबा तिसऱ्या मुलाचं नाव वंशावळीत चढवायला पेन उघडतात. सर त्यांचा हात धरतात आणि खिशातली पेन्सिल पुढं करतात.

"तुटक रेघ. दत्तकपत्र मिळालं की शाईनं."

"ते कुठं मिळायचं?"

"कुंडल कुणाचं होतं?"

"औंधचं." आबांना उत्तर माहीत आहे, आणि ते देता देताच त्यांच्या लक्षात येतं. "म्हंजे परत साताऱ्याकडंच तोंड."

"आधी संस्थानाचं दप्तर आता कुठं ठेवलंय ते शोधू. त्या घरच्या जुन्या माणसांनाही भेटा. त्र्यंबकेश्वराला त्यांचे उपाध्ये कोण, ते विचारा. तिथल्या नामावळीत यात्रेकरूनं स्वतः घराण्याची माहिती दिलेली असते. दत्तक गेलेल्यानं जन्मदात्याचं नाव सांगितलं असेल तर बघू."

हेळवी नवी पानं काढतो. मागच्या खेपेनंतरची नावं सांगायला भावकी रांग लावते, कुणी शाळेचा दाखला घेऊन, कुणी तोंडी. तांदूळ, गूळ, कापड आणि नोटा घोंगड्याच्या कोपऱ्यावर जमा होतात. मुलगी परवानगी विचारून वहीच्या पानाचा फोटो काढते आणि त्याचेही शंभर रुपये ठेवते. हेळवी ते कपाळाला लावतो.

सर आबांच्या वहीतले चार रकाने भरून घेताहेत. पेन्सिलीतल्या एका नावाला तीन ओळी. पहिली, फेरफार, तलाठी, वारस नोंदीसाठी, इथं नाव नाही. दुसरी, हेळव्याची वही, हेळवी, बिदागीसाठी, नाव आहे. तिसऱ्या ओळीत आक्काचं सांगणं. सर तिसरा रकाना भरतात आणि चौथ्याशी अडतात.

"आक्का, तुमचं कशासाठी लिहू?"

आक्का पदर सावरत उठते, हेळव्याच्या पुढ्यात सुपातली ज्वारी ओतते आणि सरांकडे वळते.

"लिवा की, लगीन मोडायसाठी."

सर तसंच लिहितात.