'हब' म्हणजे नुसता मध्य नव्हे

'हब' म्हणजे केंद्र, असं सांगून मी बरीच वर्षं मोकळा व्हायचो. मग वर्गातल्या एका मुलानं लिहिलं, 'द टेबल इज इन द हब ऑफ द रूम.' चूक त्याची नव्हती, माझी होती.

बैलगाडीचं चाक आठवा. मधला जाड लाकडी तुंबा, ज्यात सगळे आरे येऊन बसतात, तो इंग्रजीत हब. चाकाचा नेमका मध्यबिंदू तो सेंटर. म्हणजे सेंटर ही जागा झाली, हबला मात्र आरे लागतात. टेबलाला आरे कुठले? तिथे 'सेंटर'च.

फेडएक्सनं 1973 मध्ये अमेरिकेतल्या 25 शहरांसाठी विमानानं पार्सलसेवा सुरू केली. पंचवीस शहरं एकमेकांना थेट जोडायची तर 300 मार्ग लागतात. मधे एक हब धरला, की 25 मार्गांत काम होतं. त्यांनी मेम्फिस धरलं. ते काही नकाशाच्या बरोबर मध्यावर नाही, पण हबला तशी अटच नसते.

यूएसबी हब याच कुळातला. 'एज्युकेशन हब'ही बरोबर, फक्त तिथे दूरदूरची मुलं शिकायला यायला हवीत. चार कॉलेजं शेजारी उभी असली म्हणून भागत नाही. गल्लीतल्या एकुलत्या दुकानावरचं 'मोबाईल हब' मात्र आपण हौसेत धरू.

आणि 'हबी'चा या चाकाशी काही संबंध नाही बरं का. ते 'हजबंड'चं लाडकं रूप.