टर्मिनलची रंगसंगती, चौकटी आणि मोडलेली जोडाक्षरे

संगणकाला केवळ टंकलिखित आज्ञा देऊन काम करवून घेण्याची जागा म्हणजे टर्मिनल. सर्व्हरची देखभाल करणारा तंत्रज्ञ असो की लिनक्स शिकणारा विद्यार्थी, दिवसातील कित्येक तास त्याची नजर या काळ्या खिडकीवर असते. तरीही ही खिडकी जशी मिळाली तशीच वापरण्याकडे बहुतेकांचा कल दिसतो. अक्षराचा आकार, रंग, कर्सर यांत बदल करणे ही हौशी मंडळींची करमणूक समजली जाते. वस्तुतः चुकीच्या सर्व्हरवर दिलेली आज्ञा किंवा नजरेतून निसटलेली त्रुटीची सूचना यांचे मूळ अनेकदा या दुर्लक्षित पर्यायांतच असते.

आजचे टर्मिनल ही एक नक्कल आहे, म्हणूनच त्याला ‘टर्मिनल एम्युलेटर’ म्हणतात. डिजिटल इक्विपमेंट कॉर्पोरेशनने १९७८ मध्ये व्हीटी-१०० नावाचे यंत्र बाजारात आणले. पडदा आणि कळफलक असलेले हे यंत्र दूरच्या संगणकाला जोडलेले असे. त्याच्या पडद्यावर २४ ओळी आणि ८० स्तंभ मावत. आयबीएमच्या १९२८ च्या पंचकार्डावरही ८० च स्तंभ होते. यंत्रे गेली, पण त्यांचे नियम उरले. आजही ग्नोम टर्मिनल किंवा पुटी उघडले, की समोर येते ती ८० बाय २४ चीच खिडकी.

या वारशातील सर्वांत महत्त्वाची गोष्ट म्हणजे चौकट. गणिताच्या वहीत जसा एका घरात एकच आकडा लिहायचा, तसे टर्मिनलमध्ये एका घरात एक अक्षर बसते. त्यामुळे येथे सर्व अक्षरांची रुंदी समान असलेला फाँटच चालतो. फाँट निवडताना देखणेपणापेक्षा वेगळेपणा पाहावा. शून्य आणि इंग्रजी ‘ओ’, एकचा आकडा आणि लहान लिपीतील ‘एल’ हे एका दृष्टिक्षेपात ओळखता आले पाहिजेत. पासवर्ड किंवा फाइलचे नाव टंकताना हा फरक महागात पडू शकतो.

रंगांची व्यवस्था मात्र अनेकांना चकवते. फोल्डरचे नाव निळे किंवा त्रुटी लाल दाखवायची असेल, तेव्हा आज्ञावली प्रत्यक्ष रंग पाठवत नाही. ती केवळ क्रमांक पाठवते. अक्षरांच्या मूळ आठ रंगांसाठी ३० ते ३७ हे क्रमांक आहेत. त्यांतील ‘निळा’ म्हणजे नेमकी कोणती छटा, हे टर्मिनलची रंगपेटी ठरवते आणि ही रंगपेटी वापरणाऱ्याच्या हातात असते. पुटीमधील मूळची निळी छटा काळ्या पार्श्वभूमीवर इतकी गडद दिसते, की फोल्डरची नावे वाचताना डोळे ताणावे लागतात. ‘विंडो’ विभागातील ‘कलर्स’मध्ये जाऊन ‘एएनएसआय ब्लू’ थोडा उजळ केला, की काम भागते. हा बदल ‘सेशन’च्या पानावर परत येऊन जतन करावा लागतो. ते राहून गेले, तर पुढच्या वेळी जुनाच अंधार. संकेतस्थळे सर्वांना वाचता यावीत यासाठी २००८ च्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शिकेने अक्षर आणि पार्श्वभूमी यांच्या उजळपणाचे गुणोत्तर साधारण मजकुरासाठी किमान ४.५ : १ सांगितले आहे. टर्मिनललाही तोच निकष लावायला हरकत नाही. खिडकी पारदर्शक करून मागचे निसर्गचित्र दाखवण्याची हौस या निकषावर सहसा नापास होते.

रंगांचा खरा उपयोग वेगळाच आहे. बहुतेक टर्मिनलांमध्ये ‘प्रोफाइल’ म्हणजे पर्यायांचे संच जतन करता येतात. पुटीमध्ये हेच काम प्रत्येक ‘सेशन’साठी होते. चाचणीच्या सर्व्हरला नेहमीची काळी पार्श्वभूमी आणि ग्राहकांचे व्यवहार चालू असलेल्या सर्व्हरला गडद तांबडी, अशी विभागणी केली तर दोन खिडक्यांत गल्लत होण्याचा धोका बराच कमी होतो. फाइल पुसण्याची आज्ञा दिल्यावर येथे कचरापेटी नसते, हे लक्षात घेतले म्हणजे या तांबड्या रंगाची किंमत कळते.

मागील मजकूर किती ओळींपर्यंत राखावा, हाही एक पर्याय असतो. ग्नोम टर्मिनलमध्ये तो मुळात १० हजार ओळींचा आहे, तर पुटीमध्ये दोन हजारांचा. मोठ्या नोंदी वाचणाऱ्यांनी तो वाढवावा.

देवनागरीची कोंडी

आतापर्यंतची मांडणी इंग्रजीला सोयीची आहे. देवनागरी या चौकटीत मावत नाही. ‘स्त्री’ हा शब्द कागदावर एकच अक्षर आहे. युनिकोडमध्ये मात्र तो स, पाय मोडण्याचे चिन्ह, त, पुन्हा तेच चिन्ह, र आणि दुसरी वेलांटी अशा सहा चिन्हांनी साठवला जातो. टर्मिनलच्या रूढ हिशेबात पाय मोडण्याचे चिन्ह, उकार आणि अनुस्वार यांची रुंदी शून्य, तर व्यंजन, काना आणि वेलांटी यांना प्रत्येकी एक घर. म्हणजे ‘स्त्री’साठी चार घरे राखली जातात. अक्षर नीट जुळवले तर घरे रिकामी उरतात, घरे भरायची तर अक्षर मोडते. पहिल्या वेलांटीची तऱ्हा आणखी निराळी. ती साठवली जाते व्यंजनानंतर, पण काढायची असते त्याच्या आधी.

शिवाय हा हिशेब सगळीकडे सारखा नाही. टर्मिनलने वेलांटीला एक घर दिले आणि त्यात चालणाऱ्या संपादकाने शून्य मोजले, की कर्सर दिसतो एका ठिकाणी आणि असतो दुसऱ्या ठिकाणी. अशा वेळी पुसायचे एक आणि पुसले जाते भलतेच. फाइलचे नाव किंवा नोंदीतील आडनाव दुरुस्त करताना हा प्रकार केवळ दृष्टिदोष राहत नाही.

पुण्यातील सी-डॅकने या कोंडीवर पूर्वी वेगळा तोडगा काढला होता. जिस्ट कार्ड संगणकात बसवले, की भारतीय लिप्यांची अक्षरजुळणी ते कार्डच करत असे. आता ते काम टर्मिनलच्या आज्ञावलीलाच करावे लागते. एमएलटर्म या आज्ञावलीत अक्षरागणिक घराची रुंदी बदलू देण्याचा पर्याय आहे. विंडोज टर्मिनलच्या १.२२ या आवृत्तीची पूर्वझलक २०२४ मध्ये आली, तेव्हापासून सुट्या चिन्हांऐवजी पूर्ण अक्षर एकक धरण्याची सोय तेथे झाली आहे. ग्नोम टर्मिनलमध्ये घरांची उंची वाढवण्याचा पर्याय आहे. त्याने जोडाक्षरे सुधारत नाहीत, पण वरच्या मात्रा आणि खालचे उकार छाटले जाणे थांबते.

मराठी मजकूर बिघडलेला दिसला, तर आधी दोष कोठे आहे ते ओळखावे. एका अक्षराच्या जागी तीन-तीन विचित्र रोमन चिन्हे दिसत असतील, तर संकेतप्रणाली चुकली आहे. यूटीएफ-८ मध्ये प्रत्येक देवनागरी चिन्हाला तीन बाइट लागतात आणि ते सुटे वाचले जात आहेत, असा त्याचा अर्थ. पुटीमध्ये ‘ट्रान्सलेशन’ या पानावर यूटीएफ-८ निवडावे. रिकामे चौकोन दिसत असतील, तर देवनागरी फाँट नाही. लोहित किंवा नोटो यांपैकी एखादा बसवावा. अक्षरे ओळखू येतात पण जोडाक्षरे सुटी पडली आहेत, असे असेल तर दोष जुळणीचा आहे आणि फाँट बदलून तो सहसा जात नाही. अशा वेळी टर्मिनलमधील मजकूर निवडून साध्या संपादकात चिकटवून पाहावा. तेथे तो नीट वाचता आला, तर फाइल शाबूत आहे. दुरुस्तीही मग त्याच संपादकात करावी, टर्मिनलमध्ये नव्हे.