टाइल्सची सांधेदुखी

स्नानगृह धुताना टाइल्सच्या फटींतून पांढरी भुकटी निघू लागली, की बहुतेक घरांत एकच उपाय केला जातो. नाक्यावरच्या हार्डवेअरच्या दुकानातून किलोभर पांढरे सिमेंट आणायचे, पाण्यात कालवायचे आणि बोटाने फटींवर फासायचे. काही दिवस फरशी नव्यासारखी दिसते. मग तो थर पापुद्र्यासारखा सुटतो आणि पुन्हा पहिले पाढे पंचावन्न. दरम्यान खालच्या सदनिकेच्या छताला ओल आली असेल, तर प्रकरण गृहनिर्माण संस्थेच्या कार्यालयापर्यंत पोहोचते आणि वर्षानुवर्षांचे शेजारी एकमेकांशी बोलेनासे होतात.

दोन टाइल्समधला सांधा, म्हणजे गवंड्यांच्या भाषेत दरज, ज्या मिश्रणाने भरला जातो त्याला ग्राउट म्हणतात. त्यात सिमेंटबरोबर बारीक वाळू किंवा दगडाची भुकटी, रंग आणि पकड वाढविणारे पॉलिमर असते. नुसत्या पांढऱ्या सिमेंटला यापैकी कशाचाही आधार नसतो. सुकताना ते आकसते, त्याला केसासारख्या चिरा जातात आणि त्या चिरांतून पाणी आत झिरपू लागते. तरीही, नीट भरलेला सांधा वर्षानुवर्षे टिकू शकतो. त्याचे आयुष्य कमी करणारी वस्तू बहुधा घरातच, स्नानगृहाच्या कोपऱ्यात बाटलीत ठेवलेली असते.

ही वस्तू म्हणजे ॲसिड. दिवाळीच्या साफसफाईत, किंवा बोअरवेलच्या जड पाण्याचे पांढरे डाग काढण्यासाठी ते सर्रास ओतले जाते. बाजारात सुटे मिळणारे हे ॲसिड म्हणजे सामान्यतः पातळ केलेले हायड्रोक्लोरिक आम्ल. सिमेंट घट्ट होताना त्यात चुन्याची संयुगे तयार होतात आणि नेमकी तीच हे आम्ल खाते. फरशीवर ॲसिड टाकताच जो फेस येतो, तो मळ निघाल्याची खूण मानली जाते. प्रत्यक्षात त्यातील काही फेस सांध्यातील सिमेंट विरघळत असल्याचा असतो. विरघळून तयार होणारे कॅल्शियम क्लोराइड पाण्याबरोबर नहाणीतून वाहून जाते, मागे उरते ती सुटी भुकटी. टाइलचा चकचकीत थर या आम्लाला बऱ्यापैकी दाद देत नाही. त्यामुळे फरशी लख्ख आणि सांधे पोकळ, असे चित्र दिसते. व्हिनेगर किंवा लिंबू सौम्य असले तरी आम्लच. ते रोज वापरणेही योग्य नाही. साबणाचे पाणी व नायलॉनचा ब्रश पुरेसा होतो. अंघोळीनंतर वायपर फिरवला, तर डाग धरण्याचे प्रमाणच कमी होते. ॲसिड आणि ब्लीच तर कधीही एकत्र करू नये. त्यातून विषारी क्लोरिन वायू निघतो.

काही वेळा दोष बांधकामाच्या वेळचाच असतो. टाइल्स एकमेकींना खेटून बसविल्या, की फरशी अखंड दिसते खरी; पण ग्राउटला आत शिरायला जागाच राहत नाही. निदान २ ते ३ मि.मी. फट हवी. मिश्रणात पाणी जास्त झाले तरी सांधा कच्चा राहतो. एखाद्याच टाइलभोवतीचा भराव पुन्हा पुन्हा निघत असेल, तर ती नाण्याने वाजवून पाहावी. पोकळ आवाज आला, तर ती खालून सुटलेली आहे आणि पायाखाली हलते आहे. अशा वेळी सांधा कितीही भरला तरी व्यर्थ; टाइलच काढून नव्याने बसवावी लागते.

सांधे भरले म्हणजे गळती थांबली, हाही एक समज. सिमेंटच्या ग्राउटमधून थोडे पाणी झिरपतेच. ते अडवायचे काम टाइल्सखालच्या वॉटरप्रूफिंगच्या थराचे. खालच्या घरात ओल असेल, तर आधी स्नानगृहाचा वापर एक-दोन दिवस बंद ठेवून पाहावे. तरीही ठिबकणे तसेच सुरू राहिले, तर संशय पाणीपुरवठ्याच्या नळावर जातो. मग नहाणीचे तोंड बंद करून फरशीवर २४ तास पाणी साठवावे. ओल वाढली, तर फरशीखालचा थर किंवा नहाणीभोवतीचा जोड तपासून घ्यावा लागेल. तेथे ग्राउटवर खर्च करणे म्हणजे आजार एकीकडे आणि औषध दुसरीकडे.

दुरुस्ती मात्र घरच्या घरी करता येते. जुना भराव हॅक्सॉच्या पात्याने टाइलच्या जाडीच्या निदान दोन तृतीयांश खोलीपर्यंत खरवडून काढणे, हे यातील सर्वांत कंटाळवाणे काम. नेमके तेच टाळले जाते आणि म्हणूनच वरचा थर सुटतो. फटी ब्रशने झाडून, सिमेंटचे ग्राउट असेल तर किंचित ओलसर कराव्यात. पाकिटावरील प्रमाणातच पाणी घेऊन मिश्रण श्रीखंडाइतके दाट कालवावे, पाच-दहा मिनिटे ठेवून पुन्हा ढवळावे. वरून पाणी घालू नये. रबरी पट्टीने ते सांध्यात तिरके दाबत जावे आणि किंचित घट्ट झाल्यावर पिळलेल्या स्पंजने टाइल पुसावी.

इपॉक्सी ग्राउट बरेच महाग, पण पाणी शोषत नाही, डाग धरत नाही. मात्र राळ व हार्डनर एकत्र केल्यावर ते साधारण तासाभरात घट्ट होते आणि टाइलवर राहिलेला डाग नंतर निघता निघत नाही. शिवाय सांधा पूर्ण कोरडा लागतो. पहिल्यांदाच काम करणाऱ्याने ते कुशल कारागिराकडे सोपवलेले बरे. भिंत आणि फरशी मिळते त्या कोपऱ्यात मात्र दोन्ही प्रकार नकोत. तेथे इमारतीची बारीकशी हालचालही भराव तोडते, म्हणून लवचिक सिलिकॉन सीलंट वापरावे.

सिमेंटचे ग्राउट भरल्यावर निदान २४ तास फरशीवर पाणी सांडू देऊ नये. इपॉक्सी पूर्ण पक्के व्हायला आठवडाभर लागतो. एकच स्नानगृह असलेल्या कुटुंबाने हे काम गावी निघण्याच्या आदल्या रात्री उरकावे, हे उत्तम.