जुन्नरचे यवन

इ. स. १६२० मध्यें 'मेफ्लॉवर' गलबतांतून १०२ स्त्री, पुरुष व मुलें अमेरिकेच्या किनाऱ्यास लागलीं व त्यांनीं प्लिमथची वसाहत वसविली. पहिल्या हिवाळ्यांतच सुमारें निम्मीं माणसें दगावलीं. उरलेल्यांस टिस्क्वांटम नांवाच्या तेथील गृहस्थानें मका पेरावयास शिकविलें. ही हकीकत आमच्या विद्यार्थ्यांस परिचित आहे. परंतु परदेशांतून येऊन राहिलेल्या लोकांच्या खुणा पाहावयास मंचरच्या मुलानें इतकें दूर जावयास नको. नारायणगांवावरून जुन्नरास गेलें कीं पुरे.

जुन्नरभोंवतालच्या डोंगरांत सुमारें दोन हजार वर्षांपूर्वीं बौद्ध भिक्षूंकरितां लेणीं खोदलीं गेलीं. त्यांतील ब्राह्मी लेखांत इरिल, चिट व चंद हे तीन दाते आपणांस 'यवन' म्हणवितात. यवन म्हणजे मूळचे ग्रीक. हे तिघे जन्मानेंच ग्रीक होते किंवा कसें, याविषयीं विद्वानांत एकमत नाहीं. चंद हें नांव तर आपल्याकडचेंच वाटतें.

प्लिमथकरांनीं आपल्या दिनचर्येचीं पानेंच्या पानें लिहून ठेविलीं. यांनीं प्रत्येकीं एकच ओळ लिहिली. पण ती ओळ बोलकी आहे. इरिलानें दोन 'पोढी', म्हणजे पाण्याचीं टांकीं दिलीं. चिटानें संघास भोजनमंडप दिला. पावसाळ्यांतला हिरवा डोंगर पाहून कोणास टांकें सुचत नाहीं! इरिलानें येथील वैशाख सोसला असला पाहिजे, असें आम्हांस वाटतें. येथील धान्यव्यापाऱ्यांच्या श्रेणीनेंही सात खोल्यांचें लेणें व त्यासोबत टांकेंच दिलेलें आहे. परक्याची व गांवकऱ्याची गरज एकच होती.

हे लोक येथें कां आले असावेत, तें नाणेघाटाकडे पाहिलें म्हणजे कळतें. कल्याण व सोपारा या बंदरांचा माल याच घाटानें देशावर चढे. परंतु सर्वच परके केवळ वाटसरू नव्हते. आडुथुम नांवाच्या एका शकानें वडालिका येथील करंजांचीं २० निवर्तनें व कटापुतक येथील वडांचीं ९ निवर्तनें जमीन धर्मादाय दिली. (निवर्तन हें जमिनीचें जुनें माप होय.) करंजाचें तेल दिव्यास चालतें, हें आमच्या मुलांस सांगावयास नको. ज्यानें येथील झाडांच्या उत्पन्नाची व्यवस्था लाविली, त्यास पाहुणा कसें म्हणावें?

चंद यवनाचा लेख मानमोडीच्या डोंगरावरील भूतलिंग गटांत आहे. मुलांनीं सहलीस जातांना तो अवश्य शोधावा. ज्या चैत्यगृहाच्या दर्शनी भागावर तो कोरला आहे, तें अपुरेंच राहिलें. पण वरच्या कमानींत कमळांतील लक्ष्मी उभी असून दोहों बाजूंस हत्ती आहेत, आणि तेथेंच या यवनाचें नांव आहे.